कॉम्प्युटर वारंवार बंद पडतो? फॉरमॅट करण्यापूर्वी नेटवर्क ड्रायव्हर तपासा

डिचोली तालुक्यातल्या एका देवस्थान समितीच्या कार्यालयातला कॉम्प्युटर गेल्या पावसाळ्यात एकाएकी बंद पडू लागला. खजिनदार पावत्या नोंदवत असत तोवर सगळे सुरळीत चाले. सायंकाळी उत्सवाचे फोटो सभासदांना पाठवायला घेतले की पाच-दहा मिनिटांत स्क्रीन निळी होई आणि मशीन आपोआप रिस्टार्ट होई. दुरुस्तीच्या दुकानात दोनदा फॉरमॅट मारून झाले, दोन्ही वेळा एक दिवस बरा गेला आणि दुसऱ्या दिवशी तेच सुरू झाले. दुसऱ्या फॉरमॅटमध्ये तीन वर्षांच्या पावत्यांचे स्कॅन कायमचे गेले, कारण त्यांची दुसरी प्रत कुठेच ठेवलेली नव्हती. दोष होता तो मशीनच्या मागे खोचलेल्या, अंगठ्याच्या नखाएवढ्या वाय-फाय डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये. विंडोज नव्याने टाकली की डोंगल ओळखले जाई, तोच सदोष ड्रायव्हर अपडेटमधून पुन्हा उतरे आणि बिघाडही त्याच्याबरोबर परत येई.

ते स्कॅन वाचवता आले असते, ही गोष्ट मला अजून टोचते. म्हणूनच ज्यांनी आजवर कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगला हात लावलेला नाही, त्यांनाही स्वतः करता येईल अशी तपासणीची पद्धत येथे क्रमाने दिली आहे. ती विंडोज १० आणि विंडोज ११ या दोन्हींना लागू पडते. मेनूंची नावे बहुतेकांच्या कॉम्प्युटरवर इंग्रजीत दिसतात, म्हणून ती येथे इंग्रजी उच्चाराप्रमाणेच लिहिली आहेत. टाइप करताना मात्र ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करावीत.

एका ड्रायव्हरमुळे सगळे मशीन का थांबते

ड्रायव्हर म्हणजे विंडोज आणि एखादा सुटा भाग यांच्यामधला दुभाषी. वाय-फाय कार्ड, लॅन पोर्ट (वायरचे नेट जोडण्याची खाच), प्रिंटर, आवाजाची चिप अशा प्रत्येकाचा वेगळा ड्रायव्हर असतो. आपण वापरतो ते ब्राउझर किंवा टॅलीसारखे प्रोग्राम देवळाच्या सभामंडपातल्या माणसांसारखे असतात. तिथे कोणाचे काही बिघडले, तर त्या एकाला बाहेर नेता येते आणि बाकीचा कार्यक्रम चालू राहतो. नेटवर्कचा ड्रायव्हर मात्र गाभाऱ्यात, म्हणजे विंडोजच्या कर्नेलमध्ये काम करतो. तिथे एखादी चूक झाली की कोणत्या माहितीला धक्का लागला असेल याची खात्री विंडोजला उरत नाही, आणि फाईली आणखी बिघडू नयेत म्हणून ती सगळे काम जागच्या जागी थांबवते. निळी स्क्रीन हा त्या थांबण्याचा संदेश आहे. विंडोज ११ च्या अलीकडच्या आवृत्तीत हीच स्क्रीन काळी केलेली आहे, तेव्हा काळी स्क्रीन आणि तिच्यावर स्टॉप कोड, म्हणजे थांबण्याचे कारण सांगणारे नाव, दिसला तर तो वेगळा रोग समजू नये.

नेटवर्कचा ड्रायव्हर इतरांपेक्षा अधिक अडचणीच्या जागी उभा असतो. नेटवरून माहिती छोट्या तुकड्यांत येते, त्यांना पॅकेट म्हणतात. पॅकेट कधी येईल हे आधी ठरलेले नसते. ते आले की कार्ड प्रोसेसरला हातातले काम थांबवायला लावते आणि ड्रायव्हरला ते पॅकेट तातडीने उचलून घ्यावे लागते. या तातडीच्या अवस्थेत त्याला मेमरीचा डिस्कवर हलवलेला भाग वापरण्याची मुभा नसते. ड्रायव्हर लिहिणाऱ्याची त्या जागी चूक झालेली असेल, तर ती रोजच्या हलक्या वापरात उघडी पडत नाही आणि मोठी फाईल चढवताना किंवा व्हिडिओ कॉलच्या वेळी, जेव्हा पॅकेटांची रीघ लागते तेव्हा, नेमकी समोर येते. खजिनदारांचा कॉम्प्युटर पावत्या नोंदवताना का चालत होता, याचे उत्तर इथे आहे.

कर्नेलमधल्या एका चुकीची ताकद १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिली. एका सुरक्षा सॉफ्टवेअरचे सदोष अपडेट त्या दिवशी बाहेर पडले आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे सुमारे ८५ लाख विंडोज मशीन बंद पडली. भारतातल्या विमानतळांवर प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तो ड्रायव्हर नेटवर्कचा नव्हता, पण त्या मशीन सावरण्याचा एक मुख्य मार्ग हाच होता: सेफ मोडमध्ये, म्हणजे मोजकेच ड्रायव्हर घेऊन सुरू होणाऱ्या विंडोजमध्ये, जाऊन दोषी फाईल बाजूला करणे. त्यासाठी फॉरमॅट करावे लागले नाही.

हात लावण्यापूर्वी

सर्वांत आधी महत्त्वाच्या फाईली पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घ्याव्यात. नेट वापरले नाही तर मशीन चालते असे दिसत असेल, तर डोंगल काढून किंवा लॅनची वायर सोडवून ही प्रत निवांतपणे घेता येते.

दुसरे काम बिटलॉकरचे, म्हणजे डिस्कला कुलूप लावणाऱ्या विंडोजच्या सोयीचे. अनेक नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन केले की डिस्कला आपोआप कुलूप लागते आणि मालकाला त्याची कल्पनाही नसते. पुढच्या पायऱ्यांत रिकव्हरीच्या स्क्रीनवर जावे लागले, तर तिथे ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाऊ शकते. ती बहुधा आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. मोबाइलवरून त्या खात्यात जाऊन ती आधीच कागदावर लिहून घ्यावी. खात्याचा पासवर्डही आठवून ठेवावा, कारण सेफ मोडमध्ये नेहमीचा पिन चालेलच असे नाही.

तिसरे, एक वही घ्यावी. मशीन कधी बंद पडले, त्या वेळी काय चालू होते, नेट वाय-फायवरून होते की वायरने, आणि आपण कोणता बदल केला, हे तारीख-वेळेसह लिहावे. एका वेळी एकच बदल करावा. घाईत चार गोष्टी एकदम बदलल्या आणि मशीन सुधारले, तर कशाने सुधारले हे कधीच कळत नाही, आणि महिन्याभराने तोच त्रास आला की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

स्क्रीनवरचे नाव आणि मागे राहिलेल्या नोंदी

मशीन बंद पडते तेव्हा स्क्रीनच्या खालच्या भागात स्टॉप कोड दिसतो. तो वाचण्याआधीच रिस्टार्ट होत असेल, तर स्टार्टच्या शोधात ‘ॲडव्हान्स्ड सिस्टम सेटिंग्ज’ उघडावे, ‘स्टार्टअप अँड रिकव्हरी’ या भागातल्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोमॅटिकली रिस्टार्ट’ वरची खूण काढावी आणि त्याच खिडकीत ‘स्मॉल मेमरी डम्प’, म्हणजे कोसळण्याच्या क्षणाची छोटी नोंद, निवडावे. पुढच्या वेळी स्क्रीन तशीच थांबेल आणि मोबाइलने तिचा फोटो घेता येईल.

नेटवर्कच्या ड्रायव्हरशी संबंध असलेला सर्वांत ओळखीचा कोड म्हणजे ‘ड्रायव्हर आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल’. त्याचा क्रमांक डी१ ने संपतो, आणि वर सांगितलेली मेमरीची चूक ती हीच. ‘डीपीसी वॉचडॉग व्हायोलेशन’, क्रमांक १३३, याचा अर्थ असा की तातडीच्या अवस्थेत एखादे काम ठरलेल्या मुदतीपेक्षा जास्त रेंगाळले. त्याआधी अनेकदा काही सेकंद आवाज तुटतो किंवा माउस अडकतो. ‘ड्रायव्हर पॉवर स्टेट फेल्युअर’, क्रमांक ९एफ, हा मशीन झोपताना किंवा जागे होताना येतो. हे तिन्ही कोड ग्राफिक्सच्या किंवा डिस्कच्या ड्रायव्हरमुळेही येतात, म्हणून नुसत्या कोडवरून निवाडा करू नये.

कोडच्या खाली काही वेळा फाईलचे नाव येते. ते ‘नेटडब्ल्यूटीडब्ल्यू’ या अक्षरांनी सुरू होत असेल, तर इंटेलच्या वाय-फाय कार्डाकडे पाहावे. ‘आरटी’ ने सुरू होणारी पुष्कळ नावे रिअलटेकची असतात. ‘एनडीआयएस’, ‘टीसीपीआयपी’ आणि ‘नेटआयओ’ ही नावे मात्र विंडोजच्या स्वतःच्या फाईलींची आहेत. नवखा माणूस येथे हमखास चुकतो: ही नावे दिसली की तो विंडोजच बिघडली असे मानतो. प्रत्यक्षात सगळे नेटवर्क ड्रायव्हर आपले काम या फाईलींकरवी करतात, आणि कोणी दुसऱ्याने बिघडवलेली माहिती हाताळताना त्या कोसळतात. चोरी झालेल्या घरात पोलिसांना पहिला भेटतो तो घरमालक. त्याला साक्षीदार समजावे, आरोपी नव्हे.

जुन्या नोंदी पाहण्यासाठी स्टार्टच्या शोधात ‘रिलायबिलिटी’ लिहून ‘व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी’ उघडावे. दिवसवार पट्टा दिसतो. लाल फुलीच्या दिवशी मशीन पडलेले असते आणि त्याच पट्ट्यात त्याआधी कोणता ड्रायव्हर किंवा प्रोग्राम आला तेही दिसते. पहिल्या लाल फुलीच्या आदल्या एक-दोन दिवसांकडे नीट पाहावे. माझ्या अनुभवात निम्मे काम या एका स्क्रीनवर होते.

अधिक खात्री हवी असल्यास ‘इव्हेंट व्ह्यूअर’ मध्ये ‘विंडोज लॉग्ज’ आणि त्याखाली ‘सिस्टम’ उघडावे. क्रमांक ४१ ची नोंद एवढेच सांगते की मशीन रीतसर बंद झाले नाही. गोव्यात पावसाळ्यात वीज गेली की ही नोंद होतेच, तेव्हा तिच्यावरून ड्रायव्हरला दोष देता येत नाही. तिच्या जोडीला क्रमांक १००१ ची, स्टॉप कोड सांगणारी नोंद असेल तरच कर्नेल कोसळला असे धरावे. फक्त ४१ सापडत असेल, तर आधी यूपीएस, प्लगची जोडणी आणि तापणारा प्रोसेसर तपासावा.

ज्यांना आणखी खोलात जायचे आहे, त्यांनी सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरमधील ‘मिनिडम्प’ या फोल्डरातल्या फाईली मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून विनामूल्य मिळणाऱ्या ‘विनडीबीजी’ या नोंदी वाचणाऱ्या प्रोग्राममध्ये उघडाव्यात. विश्लेषणाच्या शेवटी ज्या फाईलकडे बोट दाखवलेले असते, ते नाव वहीत लिहावे. तिथे ‘एनटी’ किंवा ‘एनटीओएसकर्नल’ असे विंडोजच्या कर्नेलचे नाव आले तर तेही साक्षीदारच.

वेगळे करून पाहणे

आता खरी परीक्षा. संशयित ड्रायव्हर पूर्ण बाजूला ठेवला असता मशीन पडायचे थांबते का, हे पाहायचे आहे.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडावे आणि ‘नेटवर्क ॲडॅप्टर्स’ ची यादी उलगडावी. तिथे वाय-फायचे एक नाव, वायरच्या नेटचे एक नाव आणि ‘वॅन मिनिपोर्ट’ ने सुरू होणारी पाच-सात नावे दिसतील. वॅन मिनिपोर्ट विंडोजचे स्वतःचे आहेत. त्यांना हात लावू नये. त्यांच्या ड्रायव्हरवर २१ जून २००६ ही तारीख दिसली तरी ते जुने झाले असे समजू नये, मायक्रोसॉफ्टने आपल्या ड्रायव्हरांवर ती मुद्दाम घातलेली असते. संशयित कार्डावर राइट क्लिक करून ‘डिसेबल डिव्हाइस’ निवडावे. टास्कबारवरून नुसते वाय-फाय बंद करणे किंवा एअरप्लेन मोड लावणे पुरेसे नाही, कारण तेव्हाही ड्रायव्हर मेमरीत जागाच असतो. डोंगल असेल तर ते सरळ काढून ठेवावे.

मशीन विंडोजपर्यंत पोहोचतच नसेल, तर साइन इनच्या स्क्रीनवर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट निवडावे. तिथेही पोहोचता येत नसेल, तर लागोपाठ दोन-तीन वेळा सुरू होणे फसल्यावर रिकव्हरीची स्क्रीन बहुधा आपोआप येते. ‘ट्रबलशूट’, ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’, ‘स्टार्टअप सेटिंग्ज’ आणि ‘रिस्टार्ट’ असे गेल्यावर क्रमांकांची यादी दिसेल. ४ दाबले की साधा सेफ मोड, ५ दाबले की नेटवर्कसह सेफ मोड. साध्या सेफ मोडमध्ये नेटवर्कचे ड्रायव्हर चढतच नाहीत. तेव्हा ४ मध्ये मशीन तासभर टिकले आणि ५ मध्ये पुन्हा कोसळले, तर संशय नेटवर्कवर बराच पक्का होतो.

यानंतरची कसोटी मला सर्वांत उपयोगी वाटते आणि तिला एक अँड्रॉइड मोबाइल व त्याची चार्जिंगची यूएसबी केबल यापलीकडे काही लागत नाही. वाय-फाय कार्ड डिसेबल ठेवून मोबाइल केबलने कॉम्प्युटरला जोडावा आणि मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘रिमोट एनडीआयएस’ असे नवे नाव येईल आणि नेट सुरू होईल. हे नेट विंडोजच्या स्वतःच्या ड्रायव्हरवरून येते, कार्डाच्या ड्रायव्हरचा त्याच्याशी संबंध नाही. आता मशीन ज्या कामाने पडत असे तेच काम करावे. फोटो चढवावेत, व्हिडिओ कॉल लावावा, एक-दीड जीबीची फाईल उतरवावी. मोबाइलचा डेटा खर्च होईल हे ध्यानात ठेवावे.

निकाल दोन प्रकारचा येतो. मोबाइलच्या नेटवर मशीन टिकले, तर दोष वाय-फाय कार्डाच्या किंवा लॅन पोर्टच्या बाजूला आहे, मग तो ड्रायव्हरचा असो वा खुद्द कार्डाचा. मोबाइलच्या नेटवरही ते तसेच कोसळले, तर सगळ्या नेटवर्कच्या वाटेत बसलेल्या दुसऱ्या कोणाकडे, म्हणजे व्हीपीएन (कार्यालयाच्या नेटवर्कशी सुरक्षित जोडणी करून देणारा प्रोग्राम) किंवा अँटिव्हायरसकडे, वळावे. देवस्थानच्या मशीनवर आम्ही टेदरिंगवरून दोन तास फोटो चढवत बसलो. काही झाले नाही. मग मोबाइल काढून डोंगल परत खोचले आणि चौदाव्या फोटोला स्क्रीन निळी झाली.

किती वेळ टिकले म्हणजे टिकले, हा प्रश्न नेहमी येतो. मशीन दहा मिनिटांत पडत असेल, तर एक-दोन तास पुरे. दोन दिवसांतून एकदा पडत असेल, तर आठवडाभर वाट पाहिल्याशिवाय वहीत ‘सुधारले’ असे लिहू नये.

ड्रायव्हर मागे नेणे, काढणे, नव्याने घालणे

दोष कार्डाच्या बाजूला दिसला, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या ‘प्रॉपर्टीज’ मध्ये जाऊन ‘ड्रायव्हर’ हा टॅब उघडावा आणि तारीख व आवृत्तीचा क्रमांक आधी वहीत उतरवावा. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल, तर ‘रोल बॅक ड्रायव्हर’ दाबून जुना ड्रायव्हर परत आणता येतो. ते बटण फिकट दिसत असेल, तर जुनी प्रत मशीनवर शिल्लक नाही एवढाच त्याचा अर्थ.

रोल बॅक करता आले नाही, तर योग्य ड्रायव्हर शोधून आणावा लागतो, आणि तो जुना काढण्यापूर्वीच उतरवून ठेवावा. लॅपटॉप असेल तर पहिली जागा लॅपटॉपच्या कंपनीचे संकेतस्थळ. मागच्या लेबलावरचा मॉडेल क्रमांक तिथे अचूक द्यावा. सुटे कार्ड किंवा डोंगल असेल, तर आतली चिप कोणाची हे पाहावे, कारण खोक्यावरचे नाव आणि चिपचे नाव वेगळे असते. ‘प्रॉपर्टीज’ मधील ‘डिटेल्स’ टॅबवर ‘हार्डवेअर आयडीज’ निवडले की ‘व्हीईएन’ या अक्षरांपुढे चार खुणांचा क्रमांक दिसतो. ८०८६ म्हणजे इंटेल, १०ईसी म्हणजे रिअलटेक, १४सी३ म्हणजे मीडियाटेक, १६८सी म्हणजे क्वालकॉम अथेरॉस, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. यूएसबी डोंगलवर ‘व्हीआयडी’ लिहिलेले असते आणि रिअलटेकसाठी तिथे ०बीडीए दिसते. सर्व ड्रायव्हर आपोआप अपडेट करून देतो असे सांगणारे फुकटचे प्रोग्राम मात्र कधीही घालू नयेत. त्यांपैकी काहींनी चुकीच्या चिपचा ड्रायव्हर घातलेला मी पाहिला आहे, आणि नंतर नेमके काय बदलले हे शोधताना दुप्पट वेळ गेला.

नवी फाईल हाताशी आल्यावर कार्डावर राइट क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ निवडावे आणि येणाऱ्या चौकटीत ड्रायव्हर काढून टाकण्याच्या पर्यायावर खूण करावी. ही खूण राहिली तर विंडोज तोच जुना ड्रायव्हर आपल्या साठ्यातून काढून पुन्हा बसवते. मग आणलेला ड्रायव्हर घालावा आणि ‘रिस्टार्ट’ करावे. येथे ‘शट डाऊन’ चालत नाही: फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर शट डाऊन करताना विंडोज कर्नेलची स्थिती डिस्कवर जपून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते, त्यामुळे ड्रायव्हर पूर्णपणे नव्याने चढत नाही. रिस्टार्टमध्ये तो नव्याने चढतो.

विंडोज अपडेट तोच सदोष ड्रायव्हर परत आणू नये म्हणून सेटिंग्जमध्ये अपडेट थांबवून ठेवता येतात. विंडोज ११ मध्ये ही मुदत एका आठवड्यापासून पाच आठवड्यांपर्यंत देता येते. तेवढ्या अवधीत कंपनीकडून सुधारित आवृत्ती आली का ते पाहावे, आणि मुदत संपल्यावर सुरक्षेची अपडेट घेणे टाळू नये. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपलेला आहे, म्हणून त्या मशीनसाठी सापडलेल्या चालत्या ड्रायव्हरची फाईल पेन ड्राइव्हवर जपून ठेवणे शहाणपणाचे.

‘नेटवर्क रीसेट’ हे बटण सर्व कार्डे काढून पुन्हा बसवते आणि साठवलेले वाय-फायचे पासवर्ड पुसते. सेटिंग बिघडल्या असतील तर ते कामाचे आहे, सदोष ड्रायव्हरवर बहुधा नाही.

व्हीपीएन, अँटिव्हायरस आणि त्यांचे अवशेष

फोंड्याच्या एका मुलीचा लॅपटॉप माझ्याकडे आला होता. ती घरून काम करत असे, आधीची नोकरी सोडून तिला चार महिने झाले होते, आणि लॅपटॉप वाय-फायवरही कोसळे व मोबाइलच्या टेदरिंगवरही कोसळे. स्क्रीनवर प्रत्येक वेळी ‘टीसीपीआयपी’ चे नाव येई. वाय-फायचा ड्रायव्हर तिने तीनदा बदलला होता. जुन्या कार्यालयाचे व्हीपीएन तिने काढले होते, पण त्याचा एक फिल्टर ड्रायव्हर, म्हणजे येणारी-जाणारी माहिती वाटेत तपासणारा ड्रायव्हर, मागे राहिला होता आणि तो नव्या कार्यालयाच्या व्हीपीएनबरोबर प्रत्येक पॅकेट हाताळत होता.

असा पाहुणा शोधायचा असेल, तर विंडोजचे बटण आणि आर एकत्र दाबून ‘एनसीपीए डॉट सीपीएल’ लिहावे, आपल्या जोडणीवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडावे आणि खूण केलेल्या गोष्टींची यादी पाहावी. मायक्रोसॉफ्ट नेटवर्क क्लायंट, फाईल आणि प्रिंटर शेअरिंग, क्यूओएस, आयपीच्या चौथ्या व सहाव्या आवृत्तीच्या ओळी आणि लिंक-लेयर टोपॉलॉजीच्या ओळी विंडोजच्या आहेत. त्याशिवाय कोणा दुसऱ्याचे नाव दिसले तर त्याची फक्त खूण काढून रिस्टार्ट करावे आणि तीच कसोटी पुन्हा घ्यावी. सगळे पाहुणे या यादीत दिसत नाहीत, म्हणून व्हीपीएन आणि बाहेरचे अँटिव्हायरस एकेक करून अनइन्स्टॉल करून पाहणेही आवश्यक असते. अँटिव्हायरस काढण्यासाठी त्या कंपनीचे स्वतंत्र रिमूव्हल टूल असल्यास तेच वापरावे. तेवढ्या काळात विंडोजचा स्वतःचा अँटिव्हायरस डिफेंडर बहुधा आपोआप चालू होतो, तो झाल्याची खात्री करावी. लॅपटॉप कार्यालयाचा असेल, तर यांपैकी काहीही काढण्यापूर्वी तिथल्या आयटी विभागाला विचारावे.

त्या मुलीच्या लॅपटॉपवरचा तो फिल्टर काढायला पाच मिनिटे लागली. शोधायला तीन संध्याकाळी गेल्या होत्या.

फक्त झोपेतून उठताना पडत असेल तर

लॅपटॉप मिटून ठेवला आणि उघडला की कोसळतो, एरवी नाही, अशी तक्रार असेल आणि कोड ९एफ असेल, तर कार्डाच्या ‘प्रॉपर्टीज’ मधल्या ‘पॉवर मॅनेजमेंट’ टॅबवर, वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची परवानगी देणाऱ्या ओळीवरची खूण काढावी. बॅटरी थोडी जास्त जाईल. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसत नाही. तिथे सुधारित ड्रायव्हर हाच उपाय आहे.

ड्रायव्हर निर्दोष निघाला तर

तीन वेगवेगळ्या आवृत्त्या घालूनही त्याच कार्डावर मशीन पडत असेल, तर कार्डच बिघडले आहे असे धरून चालावे. आपल्याकडच्या हवेत याचा विचार लवकर करावा लागतो. समुद्राजवळच्या घरांत खारट, दमट हवेने डोंगलच्या आणि पोर्टच्या पात्यांवर हिरवट थर चढतो. जोडणी क्षणात तुटते, क्षणात लागते, आणि कमकुवत ड्रायव्हर अशा वारंवार तुटण्यातच गडबडतो. डोंगल दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहावे.

लॅन पोर्टचा मोठा शत्रू वीज. फायबरच्या काचेच्या तंतूतून वीज वाहत नाही, त्यामुळे घरात फायबर आल्यावर लोक निर्धास्त होतात. पण राऊटर विजेच्या प्लगला जोडलेला असतो आणि राऊटरपासून कॉम्प्युटरपर्यंतची वायर तांब्याची असते. जूनमध्ये पहिल्या गडगडाटानंतर लॅन पोर्ट मेल्याच्या तक्रारी दरवर्षी माझ्याकडे येतात. अर्धवट भाजलेला पोर्ट चालू राहतो, चुकीची माहिती देतो आणि दोष ड्रायव्हरवर जातो. अशा वेळी बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीच्या मशीनच्या सेटिंगमध्ये) किंवा डिव्हाइस मॅनेजरमध्ये तो पोर्ट बंद करून यूएसबीचे लॅन ॲडॅप्टर वापरावे. गडगडाट सुरू झाला की प्लगबरोबर लॅनची वायरही काढावी.

प्रत्येक वेळी वेगळा कोड आणि वेगळ्या फाईलचे नाव येत असेल, नेट बंद असतानाही मशीन पडत असेल, तर नेटवर्क सोडून रॅमकडे, म्हणजे मशीनच्या मेमरीकडे, वळावे. स्टार्टच्या शोधात ‘विंडोज मेमरी डायग्नोस्टिक’ लिहून ती तपासणी लावावी. विंडोजच्या स्वतःच्या फाईली तपासण्यासाठी कमांड प्रॉम्प्ट ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘एसएफसी’, एक मोकळी जागा, पुढे झुकलेली तिरकी रेघ आणि तिला लागून ‘स्कॅननाऊ’ असे टाइप करावे. ‘ड्रायव्हर व्हेरिफायर’ नावाचे साधन काही जण सुचवतात. ते दोषी ड्रायव्हरला मुद्दाम कोसळायला भाग पाडते आणि त्यातून मशीन सुरू होण्याच्याच वेळी पुन्हापुन्हा पडू शकते. सेफ मोडमधून ते बंद करता येते हे माहीत नसेल, तर नवख्याने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दुकानात नेताना

एवढे करूनही मशीन दुकानात न्यावे लागले, तर वहीची पाने, स्क्रीनचा फोटो आणि मिनिडम्पच्या फाईलींची प्रत सोबत द्यावी. वाय-फाय चालू असतानाच पडते, मोबाइलच्या टेदरिंगवर पडत नाही, अमुक आवृत्तीचा ड्रायव्हर घालून पाहिला, असे तीन वाक्यांत सांगितले की कारागिराला फॉरमॅटऐवजी कार्डापासून सुरुवात करता येते. डोंगल वापरत असाल तर तेही बरोबर न्यावे, कारण ते घरी राहिले तर दुकानात मशीन दिवसभर उत्तम चालते. म्हापशाच्या एका गृहस्थांचा लॅपटॉप असाच दोनदा ‘काही दोष नाही’ म्हणून परत आला होता. तिसऱ्या वेळी त्यांनी डोंगल नेले आणि बिघाड अर्ध्या तासात काउंटरवरच दिसला. आणि फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी आपल्या फाईलींची प्रत दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून पाहावी. ती नुसती घेतलेली असणे पुरेसे नाही, उघडलीही पाहिजे.